प्राध्यापक आंबेडकर: तलावांच्या मुलखातून

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रांत त्यांच्या कायद्याच्या अध्यापनाला फार थोडी जागा मिळते. महाड, पुणे करार, संविधान आणि नागपूर या मुक्कामांच्या अधेमधे कुठेतरी ते काही काळ प्राध्यापक होते असे एक वाक्य येते आणि चरित्र पुढे सरकते. भंडारा जिल्ह्यातल्या एका लहानशा विधी महाविद्यालयात शिकवणाऱ्या माझ्यासारखीला मात्र ते वाक्य इतक्या सहज ओलांडता येत नाही. त्यांची भाषणे वर्गासाठी पुन्हापुन्हा वाचताना माझी अशी खात्री होत गेली आहे की राजकारणात आल्यावर त्यांनी फक्त वर्ग मोठा केला, शिकवण्याची रीत तीच ठेवली. आणि त्या रीतीने त्यांना जसे यश दिले तसे काही ठिकाणी अपयशही पदरात घातले.

सनावळी थोडक्यात सांगते. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांची व्याख्याने ऐकायला इतर कॉलेजांतली मुले येऊन बसत, आणि त्याच कॉलेजात प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये म्हणून सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती. पुढे लंडनला जाऊन ते १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले, १९२३ मध्ये अर्थशास्त्रातली डी. एस्सी. मिळवून परतले आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागले. नुसत्या वकिलीवर घर चालत नव्हते, म्हणून १९२५ पासून तीनेक वर्षे त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. जून १९२८ मध्ये शासकीय विधी महाविद्यालयात त्यांची हंगामी प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. १८५५ साली सुरू झालेल्या त्याच महाविद्यालयाचे ते जून १९३५ मध्ये प्राचार्य झाले आणि १९३८ पर्यंत त्या पदावर राहिले.

या शेवटच्या तीन वर्षांकडे जरा थांबून पाहावे. त्यांच्या पत्नी रमाबाई २७ मे १९३५ रोजी गेल्या आणि त्यानंतर काही दिवसांतच बाबासाहेबांनी प्राचार्यपदाची सूत्रे हाती घेतली. ऑक्टोबरमध्ये येवल्याला त्यांनी जाहीर केले की आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. १९३६ मध्ये त्यांनी कायद्याच्या शिक्षणात कोणत्या सुधारणा हव्यात यावर कॉलेजच्या मासिकात लेख लिहिला, त्याच वर्षी जातिव्यवस्थेवरचे गाजलेले भाषण स्वतः छापून प्रसिद्ध केले आणि ऑगस्टमध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९३७ च्या फेब्रुवारीत ते विधानसभेवर निवडून आले आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी कोकणातल्या खोतांची जमीनदारी, म्हणजे खोती पद्धत, रद्द करण्याचे विधेयक मांडले. हे सगळे करणारा गृहस्थ त्या काळात एका सरकारी महाविद्यालयाचा कारभार पाहत होता, ही गोष्ट आजच्या कुठल्याही प्राचार्याला सांगून पाहावी.

महाराष्ट्र शासनाने त्यांचे इंग्रजी लेखन १९७९ पासून खंडांच्या रूपाने काढले. त्या खंडांचे संपादक वसंत मून हे नागपूरच्या वस्तीतून आलेले आणि महसूल खात्यात नोकरी केलेले, हे आमच्या भागातल्या वाचकांना मुद्दाम सांगावेसे वाटते. बाराव्या खंडात बाबासाहेबांची कायद्याची टिपणे आहेत: पुराव्याचा कायदा, मुदतीचा कायदा, मालमत्ता हस्तांतरण, न्यास, फौजदारी प्रक्रिया, आणि त्यांच्या शेजारी इंग्लंडच्या राज्यघटनेवरची व्याख्याने. घोषणांसाठी अवतरणे शोधणारे वाचक या पानांकडे वळत नाहीत, कारण त्यांत घोषणेला लागणारे काहीच नाही. कलम, त्यातल्या शब्दांचा अर्थ, अपवाद, न्यायालयांनी काय म्हटले, असा सगळा कोरडा मजकूर आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री मुले जे शोधत असतात तेच. मला ही पाने फार आवडतात. पुराव्याचा भार कोणावर असतो हे ज्याने शांतपणे मुद्देवार लिहून काढले, त्यानेच तो भार एका अख्ख्या गावाच्या अंगावर कसा टाकला, हे त्यानंतर वाचता येते.

महाडच्या चवदार तळ्याचा खटला मी पुराव्याच्या कायद्याच्या तासाला शिकवते. तळ्यावरच्या सत्याग्रहाची गोष्ट मुलांना पहिल्या इयत्तेपासून ठाऊक असते. त्या तळ्यावरून दहा वर्षे दिवाणी दावा चालला, हे बहुतेकांना वकिलीच्या वर्गात पहिल्यांदा कळते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळाने केला होता आणि महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार तळे खुले केल्याचे पुढच्या वर्षी जाहीरही केले होते. कागदावर खुले झालेल्या त्या तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी प्रत्यक्ष प्यायले गेले. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा गावातल्या काही सनातन्यांनी दिवाणी न्यायालयात दावा ठोकला की हे तळे स्पृश्यांच्या वहिवाटीचे आहे, आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळवला.

इथे बाबासाहेबांनी जे केले ते वर्गात समजावून सांगायला कठीण जाते. हजारो माणसे तुरुंगात जायच्या तयारीने जमली होती, सत्याग्रहाचा ठराव झाला होता, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहनही झाले होते. तरीही न्यायालयाचा हुकूम मोडू नये असे त्यांनी परिषदेला पटवले, आणि लोकांनी तळ्याला वळसा घालून मिरवणूक काढली, पाण्याला हात लावला नाही. माझ्या वर्गातली तरुण मुले इथे हमखास नाराज होतात. पाणी समोर असताना परत फिरायचे, हे त्यांना पटत नाही. त्या रात्री मंडपात किती जणांना पटले असेल याची कल्पना मी अनेकदा करते. सरकारशी भांडण नव्हते, भांडण रूढीशी होते, आणि सरकारला अंगावर घेतले तर रूढीला फुकटचा साथीदार मिळाला असता, हा त्यामागचा हिशेब होता. दाव्यातला प्रतिवादी म्हणून त्यांना मैदानातून कोर्टात जायचे होते, आणि तिथे खेळ कसा चालतो हे त्यांना फिर्यादींपेक्षा चांगले कळत होते.

दावा खालच्या न्यायालयांत फेटाळला गेला. फिर्यादी अपिलात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अपीलही फेटाळले. निकालपत्र न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांचे आहे. त्यात समतेवर प्रवचन नाही. तळे खाजगी मालकीचे ठरत नाही. राहिली वहिवाट, तर जी रूढी अनादी काळापासून चालत आली असे फिर्यादी म्हणतात, ती तशी प्राचीन असल्याचे त्यांनी सिद्ध केलेले नाही, एवढाच त्याचा गाभा. रूढी आहे असे जो म्हणतो त्याने ती सिद्ध करावी. शेकडो वर्षे ज्या गोष्टीला कोणी पुरावा मागितला नव्हता, तिला पुरावा मागितला गेला आणि तो देता आला नाही. निकाल लागला त्या दिवशी प्रतिवादी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते.

आमच्या मुलांना हा खटला इतर कुणापेक्षा लवकर कळतो, कारण ती तलावांच्या मुलखातली आहेत. भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूरच्या धानपट्ट्यात गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले तलाव आहेत. पुढे गावाचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांकडे आणि १९५१ मध्ये मालगुजारी संपल्यावर सरकारकडे आलेले हे तलाव आजही कागदोपत्री ‘माजी मालगुजारी’ म्हणून ओळखले जातात आणि बोलताना सगळे त्यांना मामा तलाव म्हणतात. रोवणी झाल्यावर पावसाने दडी मारली की कोणाच्या बांधीला आधी पाणी, गाळपेरा कोणी करायचा, मासळी कोणाची, यावरून भांडणे होतात आणि ती भांडणे वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक या गावच्या वहिवाटी आणि गावकऱ्यांचे हक्क नोंदवणाऱ्या दोन जुन्या दप्तरांपर्यंत जाऊन पोचतात. जमीन महसूल संहितेत या दप्तरांच्या तरतुदी खास विदर्भासाठी ठेवलेल्या आहेत. एका विद्यार्थिनीने आपल्या गावच्या वाजिब-उल-अर्जाची नक्कल वर्गात आणली होती. तिच्या आजोबांच्या तोंडून ऐकलेली वहिवाट आणि कागदावर उतरलेली वहिवाट यांत बरेच अंतर होते. ही नोंद करताना साहेबासमोर कोण बसले होते, असा प्रश्न तिने विचारला. त्या दिवशी मला वेगळे काही शिकवावे लागले नाही.

संविधान सभेतले ४ नोव्हेंबर १९४८ चे भाषण हे तर सरळ पहिल्या तासाचे व्याख्यान आहे. मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी मसुदा मांडला आणि सुरुवातच व्याख्यांपासून केली: अध्यक्षीय पद्धत म्हणजे काय, संसदीय म्हणजे काय, संघराज्य आणि एकात्म राज्य यांत फरक कोणता, अमेरिकेची घटना कुठे ताठर आहे आणि आपण तो ताठरपणा कसा टाळला. मग एकेक आक्षेप हातात घेतला. मसुद्यात नवीन काही नाही, या आक्षेपावर त्यांनी म्हटले की घटनेच्या मूलभूत कल्पनांचे पेटंट कुणाकडे नसते आणि उसनवारीत लाज वाटण्यासारखे काही नाही. उत्तरपत्रिका तपासून हात दुखलेल्या प्राध्यापकाने हे म्हणावे, याची मला गंमत वाटते. सांविधानिक नीतिमत्ता ही उपजत भावना नाही, ती जोपासावी लागते, हे सांगताना त्यांनी ग्रीसचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रोटचा आधार घेतला. आणि भारतातली लोकशाही ही मूळच्या लोकशाहीविरोधी जमिनीवर टाकलेले वरवरचे खत आहे असे बजावले.

याच भाषणात खेड्यांविषयीचे ते प्रसिद्ध कडू वाक्य आहे. खेडे म्हणजे संकुचित वृत्तीचे डबके, अज्ञान आणि जातीयतेची गुहा, अशा अर्थाचे. मसुद्याने गाव सोडून व्यक्तीला घटक मानले याचा त्यांनी आनंद व्यक्त केला. सभागृहात यावर गदारोळ झाला. आमच्याच त्या वेळच्या मध्य प्रांत-वऱ्हाडातून आलेल्या ह. वि. कामथांनी ही शहरी विद्वानाची वृत्ती आहे असे सुनावले. पुढे त्याच महिन्यात के. संथानम यांनी ग्रामपंचायतींविषयीची दुरुस्ती मांडली, तेव्हा बाबासाहेबांनी फारसे न बोलता ती स्वीकारली. तिच्यातूनच आजचे चाळिसावे कलम आले. गडचिरोलीतल्या लेखा-मेंढ्याने पुढे ग्रामसभेच्या बळावर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवून दाखवला, तेव्हा कामथांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते हेही मान्य केले पाहिजे. तरीसुद्धा मी खेड्यात वाढलेली बाई आहे आणि मला ते वाक्य खोटे म्हणता येत नाही. आमच्या भागातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारावे की तुमच्या तलावाला घाट किती होते, आणि कोणता घाट कोणाचा होता. वर्गात या वाक्यावर संतापणारी मुले आणि मान खाली घालून गप्प बसणारी मुले गावाच्या वेगवेगळ्या टोकांवरून आलेली असतात, हे हजेरीपट न पाहताही कळते.

शिक्षकाचा आणखी एक गुण २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात दिसतो. कामाचे श्रेय त्यांनी घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांना दिले आणि मसुद्याचे मुख्य लेखक एस. एन. मुखर्जी यांची क्लिष्ट कल्पना सोप्या आणि स्पष्ट भाषेत मांडण्याची हातोटी नाव घेऊन सांगितली. ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांतल्या २,४७३ सभागृहात मांडल्या गेल्या, हे आकडेही त्या काळात सभेसमोर आले. इतक्या दुरुस्त्यांना उत्तरे देताना ज्याचे डोके ठिकाणावर राहते त्याने आधी कधीतरी पन्नास मुलांच्या वर्गाला तोंड दिलेले असावे, असे मला वाटते.

याच भाषणात त्यांनी सत्याग्रह, असहकार आणि कायदेभंग आता बाजूला ठेवा असे सांगितले, आणि राजकारणातली भक्ती हा हुकूमशाहीकडे नेणारा रस्ता आहे असाही इशारा दिला. बाबासाहेबांनी स्वतः महाडला सत्याग्रह केला, मग इतरांना का अडवतात, हा प्रश्न मला दरवर्षी येतो. उत्तर त्याच परिच्छेदात आहे: सनदशीर मार्गच उपलब्ध नव्हते तेव्हा त्या मार्गांचे समर्थन होते. त्यावर मुले विचारतात की मार्ग उपलब्ध आहे की नाही हे ठरवायचे कोणी. हा प्रश्न चांगला आहे. धानाच्या चुकाऱ्यासाठी महामार्गावर बसलेल्या कास्तकारांची मुले तो विचारत असतात, आणि मी त्याचे उत्तर देऊन टाकत नाही. भक्तीविषयीचा इशारा मात्र आम्ही सगळ्यांनीच, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतल्या डीजेच्या आवाजात, बऱ्यापैकी विसरून टाकला आहे.

हिंदूंच्या विवाहाचे आणि वारशाचे कायदे बदलणारे हिंदू कोड बिल हा त्यांचा सर्वांत अवघड तास होता आणि तो पूर्ण होऊ दिला गेला नाही. विधेयक रखडत गेले, शेवटी सोडूनच दिले गेले, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५५ आणि १९५६ मध्ये तेच काम तुकड्यातुकड्यांनी, वेगवेगळ्या कायद्यांच्या रूपाने झाले. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सा महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये मिळाला. कायदा झाला म्हणून आमच्या तहसिलीतले दृश्य बदलले असे मात्र नाही. बाप गेल्यावर फेरफार घेताना भाऊ बहिणीला बोलावून घेतो, हक्कसोडपत्रावर तिची सही होते, तिला साडीचोळी होते आणि सातबाऱ्यावरचे तिचे नाव चढता चढता उतरते. हिस्सा मागितला तर माहेर तुटेल, हे तिला कोणी बोलून दाखवावे लागत नाही. माझ्या वर्गात शिकणाऱ्या, पेशाने शिक्षिका असलेल्या एका विद्यार्थिनीने वारसा कायद्याच्या परीक्षेत सुरेख उत्तर लिहिले होते आणि त्याच उन्हाळ्यात स्वतः सही करून आली होती. बिलाच्या विरोधात संसदेत जी भाषणे झाली त्यांतली बरीचशी, भाषा जरा बदलून, मला आजही दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर ऐकू येतात.

आता तोट्याची बाजू. समजावून सांगणारा माणूस मते मिळवतोच असे नाही. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते मुंबईत हरले आणि राज्यसभेवर गेले. १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक लागली आणि ते आमच्या जिल्ह्यात उभे राहिले. तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता आणि मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. सर्वसाधारण जागेवर समाजवादी नेते अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून सुमारे ८ हजार मतांनी पराभूत झाले.

या निवडणुकीतली एक गोष्ट आमच्याकडे आजही सांगितली जाते. आपल्या मतदारांनी बाबासाहेबांना एक मत द्यावे आणि दुसरे मत कोणालाच न देता वाया घालवावे, म्हणजे त्यांचे पारडे जड होईल, असा हिशेब काही कार्यकर्त्यांनी मांडला होता. बाबासाहेबांनी तो मानला नाही. ज्याने घटना लिहिली त्याने मत फुकट घालवायला सांगणे शोभत नाही, हरलो तरी चालेल, असे ते म्हणाल्याचे जुनी माणसे सांगतात. मला या गोष्टीतले वागणे मनाई हुकुमासमोर परत फिरलेल्या माणसाचेच वाटते. आणि व्यवहारी राजकारणी म्हणून विचार केला तर ते कार्यकर्ते बरोबर असावेत, असेही वाटते. भंडाऱ्याने देशाच्या पहिल्या कायदामंत्र्याला लोकसभेत पाठवले नाही, याची खंत इथल्या अनेक घरांत आहे. त्या वेळी आपल्या घरातून मते कुठे गेली, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

हरल्यावर ते पुन्हा शिक्षणाच्या कामाकडे वळले असे म्हणणे बरोबर होणार नाही, कारण ते काम त्यांनी सोडलेच नव्हते. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ ची, मुंबईचे सिद्धार्थ कॉलेज १९४६ चे, औरंगाबादचे महाविद्यालय १९५० चे. सिद्धार्थ विधी महाविद्यालय १९५६ मध्ये सुरू झाले, ज्या वर्षाच्या डिसेंबरात ते गेले.

त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात दीक्षेचा सोहळा झाला. भंडाऱ्याच्या, चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या), वऱ्हाडाच्या खेड्यांतून लाखो माणसे आगगाडीने, बैलगाडीने आणि पायी आली होती. धान अजून उभे होते, कापणीला अवकाश होता. कुशीनाराचे वयोवृद्ध भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि मग स्वतः लोकांना दीक्षा आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. एवढ्यावर थांबले असते तरी तो सोहळा इतिहासात गेलाच असता. दुसऱ्या दिवशी, १५ तारखेला सकाळी, त्यांनी त्याच मैदानावर एक लांब व्याख्यान दिले. प्रकृती खालावलेली होती, पाय साथ देत नव्हते. दोन वर्षांपूर्वी ज्या मुलखात ते हरले होते त्या मुलखातली माणसे समोर होती, आणि त्यांनी आदल्या दिवशी दीक्षा घेऊनही टाकली होती. त्यांना आता पटवायचे काहीच उरले नव्हते. तरी बाबासाहेबांनी सुरुवात एका प्रश्नापासून केली: या कार्यासाठी नागपूरच का निवडले? राष्ट्रीय स्वयंसेवक संघ इथे आहे म्हणून निवडले असे काहीजण म्हणतात, हा आक्षेप त्यांनी आधी मांडला, तो खरा नसल्याचे सांगितले आणि मग नाग लोकांचा आणि नाग नदीचा इतिहास सुरू केला.